हाड जुळेपर्यंत

गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं कुत्रं साधारण तिसऱ्या आठवड्यात स्वतःला बरं समजायला लागतं. टाके निघालेले असतात, सूज ओसरलेली असते, दुखणं औषधाच्या आवाक्यात आलेलं असतं आणि गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलरही सुटलेली असते. शेपूट पूर्वीसारखी हलायला लागते. लिफ्टचं दार वाजलं की कान टवकारतात आणि अंग उडीच्या तयारीत येतं. नेमक्या त्याच आठवड्यात आत, स्नायूंच्या खाली, करवतीने कापलेलं हाड अजून कुठे जेमतेम जुळायला लागलेलं असतं. त्याला जागच्या जागी धरून ठेवलेलं असतं ते धातूच्या एका पट्टीने आणि काही स्क्रूंनी. पट्टीचं काम हाड जुळेपर्यंत आधार देण्याचं आहे, रोजच्या उड्या सोसण्याचं नाही. हे कुत्र्याला कुणी आणि कसं समजावून सांगायचं?

आमच्या बुंदीच्या दुखण्यात पुढचे कित्येक आठवडे मी याच प्रश्नाशी झगडत होतो. वेदना कमी करायला औषध होतं, जखमेला ड्रेसिंग होतं. धीर धर, एवढंच सांगायला काही नव्हतं.

बुंदी आमची लॅब्रॅडोर. रंगाने तुपातल्या बुंदीसारखी, म्हणून लेकीने ठेवलेलं नाव. वेताळ टेकडीवर ती खारीमागे धावली आणि परत आली ती तीन पायांवर. उजवा मागचा पाय हवेत, नखाचं टोकही जमिनीला न लावता. काटा रुतला असेल म्हणून पंजा उलगडून पाहिला, बोटांच्या बेचक्या तपासल्या. काही नव्हतं. दोन दिवसांनी ती पाय टेकवायला लागली, पण बसताना मात्र तो पाय पोटाखाली घेण्याऐवजी बाजूला लांब टाकून बसू लागली. ज्यांच्या घरी मोठं कुत्रं आहे त्यांनी ही बसण्याची तऱ्हा लक्षात ठेवावी. गुडघा पुरता दुमडायला दुखतं, म्हणून कुत्रं तो वाचवतं. लंगडणं कमी-जास्त होतं, बसणं मात्र खरं सांगून जातं.

डॉक्टरांनी तिला आडवं झोपवलं, एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्या हाताने नडगी, आणि नडगी हलकेच पुढे ढकलली. ती ड्रॉवर उघडावा तशी पुढे सरकली. ‘लिगामेंट गेलंय,’ ते म्हणाले. माझ्या बोटांना त्यांनी ते सरकणं जाणवून दिलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. सांधा असा निसटता असू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

माणसांमध्ये हे लिगामेंट बहुधा खेळताना, एका झटक्यात तुटतं. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा ते महिनोन्‌महिने आतल्या आत झिजत, विरत आलेलं असतं आणि खारीमागची ती धाव म्हणजे फक्त शेवटचा धागा असतो. कुत्र्याचा मागचा गुडघा उभं असतानाही वाकलेलाच राहतो. नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग मागच्या बाजूला उतरता असतो, वीस-पंचवीस अंशांचा उतार. पायावर भार आला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू बघतं आणि नडगी पुढे सटकू बघते. त्या दोघांना प्रत्येक पावलाला आवरून धरणारी दोरी म्हणजे हे लिगामेंट. दोरी गेली की प्रत्येक पाऊल म्हणजे एक घसरण, आणि त्या घसरणीत आतली गादीही, म्हणजे मेनिस्कस, चिरडली जाऊ शकते.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातले पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी यावर जो विचार केला तो मला आजही थक्क करतो. तुटलेली दोरी पुन्हा बांधण्याच्या मागे न लागता त्यांनी उतारच काढून टाकायचं ठरवलं. नडगीचा वरचा भाग अर्धगोल करवतीने कापायचा, तो फिरवून उतार पाच अंशांच्या आसपास आणायचा आणि त्या नव्या जागी प्लेट आणि स्क्रू लावून पक्का करायचा. लिगामेंट तुटलेलंच राहतं, पण त्याची गरज उरत नाही. १९९३ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभर ती टीपीएलओ या नावाने होते आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही आता होते. मोठ्या, वजनदार कुत्र्यांसाठी बरेच सर्जन हीच पसंत करतात. बुंदीवरही तीच झाली. म्हणजे तिच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी तिचं धडधाकट हाड कापलं गेलं. तिने खरं तर बरं व्हायचं होतं ते या मुद्दाम केलेल्या फ्रॅक्चरमधून.

ऑपरेशन करायचं की नाही यावर घरात बोलणं झालं, पण फार वेळ नाही. त्या वेळी मला रतन टाटांचं एक सांगणं आठवलं होतं. आपल्या कुत्र्याच्या सांधेरोपणासाठी त्यांनी त्याला थेट अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं. पण तोवर उशीर झाला होता, आणि तिथल्या डॉक्टरांना सांधा बदलता न येता एका ठरावीक स्थितीत कायमचा पक्का करावा लागला. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली प्राण्यांचं जे मोठं रुग्णालय उभं राहिलं, त्याच्या मागे ही आठवण होती. एवढ्या मोठ्या माणसालाही वेळ गाठता आली नाही. आपल्याला ती घरापासून तासाभराच्या अंतरावर मिळतेय, तर मग थांबायचं कशासाठी?

घरी आणल्यावरची पहिली रात्र वाईट असते, हे सांगून ठेवलेलं बरं. भूल आणि तीव्र वेदनाशामकं उतरताना कुत्रं बारीक, सलग कण्हत राहतं. ते सगळंच दुखण्यामुळे नसतं. बराचसा भाग गोंधळाचा असतो. मला हे आधी सांगितलं होतं, तरीही पहाटेपर्यंत तिच्या तोंडून येणारा तो आवाज ऐकणं कठीण गेलं. मी तिच्या शेजारी सतरंजी टाकून झोपलो. माझा हात तिच्या बरगड्यांवर असला की आवाज कमी व्हायचा, उचलला की वाढायचा. पुढच्या पायावरचे केस काढून तिथे सलाइनची सुई लावली होती, ती जागा निळसर झाली होती. मागचा पाय कमरेपासून घोट्यापर्यंत भादरलेला. केसांखालची कातडी मी कधी पाहिलीच नव्हती. ती करडी-गुलाबी, पातळ, माणसाच्या कातडीसारखी निघाली, आणि त्यावर टाक्यांची लांब ओळ.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी घोट्यापाशी मऊ सूज उतरली आणि जांभळा रंग पसरला. आम्ही घाबरून फोन केला. ‘गुडघ्याची सूज खाली उतरते, होतं असं,’ असं उत्तर आलं आणि तसंच झालं, दोन-तीन दिवसांत ती ओसरली. पहिल्या दिवसांत बर्फाचा शेक द्यायचा असतो. आमच्याकडे त्यासाठी मटारची गोठवलेली पिशवी पंच्यात गुंडाळून वापरली. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मटार गुडघ्याच्या आकाराला बसतात, बर्फाचे खडे टोचतात.

औषधांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्या घरातल्या डब्यातली दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका, अर्धी नाही, पाव नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. डॉक्टरांनी बुंदीला मेलॉक्सिकॅम दिलं होतं, वजनावर मोजून, जेवणानंतर. ती छोटी बाटली हातात घेताना मला गिधाडं आठवायची. जनावरांना सर्रास दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. भारतातली गिधाडं त्यामुळे जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे बंदी आली आणि त्याच्या जागी गिधाडांना सुरक्षित म्हणून जे औषध पुढे आलं ते हेच मेलॉक्सिकॅम. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये कुत्रीच्या जिभेवर पडणारे ते थेंब आणि म्हसळ्याजवळच्या चिरगावात उंच झाडांवर घरटी करणारी गिधाडं यांचा असा धागा आहे, हे मला त्या दिवसांत फार मोलाचं वाटलं.

शेजारच्या काकूंनी प्रेमाने कांडवेल आणून दिली. त्यांच्या गावाकडे मोडलेल्या हाडाला तीच बांधतात. मी ती कुंडीत लावली. टाक्यांवर काही बांधायचं नव्हतं आणि पोटातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही जाणार नव्हतं. काकू रागावल्या नाहीत. वेल आता गॅलरीच्या गजावर चढली आहे.

घर कुत्र्यासाठी किती निसरडं असतं हे मला त्या आठवड्यांत कळलं. आमच्या हॉलला चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. चांगल्या चार पायांच्या कुत्र्यालाही त्यावर वळताना पाय पसरावे लागतात. तीन पायांवर उभ्या असलेल्या बुंदीला ती फरशी म्हणजे रोजचा धोका होता. चटई टाकून पाहिली तर चटईच सरकते. शेवटी घरातल्या योगा मॅट, बाथरूमबाहेरची रबराची पायपुसणी आणि बाजारातून आणलेलं रबर मॅटिंग अशी हॉलपासून दारापर्यंत एक वाट तयार केली. तळव्यांच्या मधले वाढलेले केस कापले, कारण तेही घसरवतात. सोफा आणि दिवाण यांच्यामध्ये प्लायचे दोन तुकडे आणि कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा लावून तिची खोली केली. वळता येईल, अंग ताणता येईल, पण पळायला वेग घेता येणार नाही एवढीच जागा.

आणि बेल काढून टाकली. कुरिअर, दूध, इस्त्रीवाला, सोसायटीची वर्गणी, दिवसात किती वेळा आपल्या घरी बेल वाजते याचा हिशोब मी पूर्वी कधी केला नव्हता. प्रत्येक बेलला बुंदी उभ्या उभ्या उसळायची. तार सोडवली, दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली, ‘बेल वाजवू नका, फोन करा, आत पेशंट आहे.’ आलेला प्रत्येक माणूस हळू आवाजात विचारायचा, ‘आजी बऱ्या आहेत ना?’

आजी, म्हणजे माझी आई, अगदी बऱ्या होत्या. आईच्याच गुडघ्याची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झालेली, त्यामुळे या घरात गुडघ्याच्या दुखण्याचा जाणता माणूस तीच. आईच्या वेळी रोज फिजिओथेरपिस्ट यायच्या. त्या गुडघा वाकवायला लागल्या की आई पलंगाचा कठडा धरून रामरक्षा म्हणायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण ती म्हणायची, ‘करा तुम्ही, मला दिवाळीत जिना चढायचाय.’ तिला ठाऊक होतं की हे दुखणं कशासाठी आहे आणि कधी संपणार आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती खुणा करायची. दुखणं सोसायला लागणारं अर्धं बळ त्या कॅलेंडरातून यायचं असं मला वाटतं.

बुंदीजवळ कॅलेंडर नव्हतं. तिला भादरलेला पाय होता, गळ्यात कॉलर होती, आणि ज्या माणसांनी तिला आजवर टेकडीवर मोकळं सोडलं तीच माणसं तिला आता चार हातांच्या जागेत अडवून ठेवत होती. तिच्या बाजूने विचार केला तर याला काय कारण होतं? तिने काही चुकीचं केलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त छळायचा तो तिचा राग नव्हे, कारण राग तिला आलाच नाही. छळायचा तो तिचा प्रत्येक वेळी नव्याने येणारा विश्वास. मी पट्टा उचलला की तिला वाटायचं आज टेकडी. आम्ही पार्किंगच्या कोपऱ्यापर्यंत जायचो आणि वळायचो. ती थांबायची, रस्त्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि माझ्यामागे परत यायची. संध्याकाळी पुन्हा पट्टा उचलला की पुन्हा टेकडी.

आईने यावर एक वाक्य बोललं, जे मी मनात जपलंय. मी सारखा तिच्याशी बोलायचो, ‘बुंदे, थोडेच दिवस गं, हाड जुळू दे,’ असं. आई म्हणाली, ‘तिला शब्दांनी सांगू नकोस. तुझे हात घाईत आहेत. ते आधी सावकाश कर.’

खरंच तसं होतं. ऑफिसची मीटिंग गाठायची म्हणून मी तिचे व्यायाम पटापट उरकायचो. त्या दिवसापासून पद्धत बदलली. ती कुशीवर, दुखरा पाय वर. माझा एक हात गुडघ्याच्या जरा वर मांडीवर, दुसरा घोट्याच्या वर. पाय हळूहळू दुमडायचा, सायकलचं पेडल फिरवावं तितकाच, आणि तितक्याच हळू सरळ करायचा. एका ठिकाणी मांडीचा स्नायू माझ्या तळव्याखाली घट्ट व्हायचा. त्याच क्षणी बुंदी मान वळवून नाक माझ्या मनगटावर ठेवायची. ओलं, गार नाक. दात नाही, गुरगुरणं नाही. तिथे थांबायचं. पुढे एक केसभरही रेटायचं नाही. श्वास दोनदा वर-खाली झाला की स्नायू सैल पडायचा, नाक उचललं जायचं, आणि मग पुढचं आवर्तन. काही दिवसांनी ते नाक येण्याची जागा पुढे सरकली, म्हणजे पाय आधीपेक्षा जास्त दुमडला जाऊ लागला. प्रत्येक वेळी ती सांगेल तिथे मी थांबतो, हे तिला कळलं होतं. मी तिला ‘थोडेच दिवस’ हे समजावू शकलो नाही, पण ‘तू सांगशील तिथे थांबेन’ हे सांगता आलं, आणि तिला तेवढं पुरत होतं.

चालण्याचाही असाच धडा. मला वाटायचं विश्रांती म्हणजे पडून राहणं. डॉक्टर म्हणाले, ‘चालवायचं. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, आणि अगदी संथ. दर आठवड्याला थोडं वाढवा.’ संथ का, तर कुत्रं वेगात चाललं की दुखरा पाय उचलून तीन पायांवर सहज पळतं. संथ चाललं की तोल सांभाळायला त्याला चौथा पाय टेकवावाच लागतो. आणि हाडाला तो भार लागतो. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं की हाड ज्या भाराखाली राहतं त्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. भार नसेल तर ते विरळ होतं. अंतराळात राहून आलेल्या माणसांची हाडं त्यामुळेच क्षीण होतात. अगदीच पडून राहिलेल्या कुत्र्याची मांडी बघता बघता वाळते, आणि उड्या मारू दिल्या तर प्लेट ढिली होते. या दोन टोकांच्या मधली एक अरुंद पट्टी असते आणि ती रोज थोडी थोडी रुंदावत जाते. देखभाल म्हणजे ती पट्टी आज किती रुंद आहे हे ओळखणं. हे कुठल्याही कागदावर लिहून मिळत नाही. ते त्या दिवशीच्या चालण्यात दिसतं. फिरून आल्यावर तासाभराने ती उठताना पाय जास्त वाचवत असेल तर आजचं चालणं जास्त झालं, उद्या कमी.

तिने पहिल्यांदा पाय टेकवला तो पार्किंगमध्ये, पावसाळी सकाळी. आधी फक्त नखं. मग पंजाची पुढची बाजू. वजन टाकलं नाही, जमिनीची चौकशी केल्यासारखा तो क्षणभर खाली आला आणि वर गेला. पोटाखालून जुनी सुती ओढणी घालून मी तिचा मागचा भाग तोलून धरला होता. दुखरा पाय टेकला की ओढणीतलं वजन किंचित हलकं व्हायचं. तो बदल माझ्या मनगटांना कळत होता. माझ्या डोळ्यांच्या आधी मनगटांना कळलं की ती चालायला लागली आहे. वॉचमनकाकांनी छत्री आमच्यावर धरली होती. ते म्हणाले, ‘टेकला हो, टेकला!’ आणि आम्ही दोघंही मोठी माणसं भिजत उभे राहिलो.

पावसाळ्यात हे सगळं करणं सोपं नव्हतं. पार्किंगच्या उतारावर शेवाळ धरतं. सोसायटीत विनंती करून ते घासून घेतलं, तरी मी तिला रोज कडेकडेने, खडबडीत फरशीवरूनच नेत असे. ओल्या पायांनी घरात आली की आधी पंजे पुसायचे, मगच मॅटवर सोडायचं.

मन रमवायला नाकाचा उपयोग झाला. पळू न शकणाऱ्या कुत्र्याला हुंगू द्यावं. लेकीने जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये गाजराचे बारीक तुकडे लपवण्याचा खेळ काढला. बुंदी एका जागी बसून, एक एक घडी नाकाने उलगडून ते शोधायची आणि अर्ध्या तासात इतकी दमायची की टेकडीवरून आल्यासारखी झोपायची. पातळ दही वाटीत गोठवून दिलं की ते चाटण्यात दुपारचा मोठा भाग जायचा.

गाजर आणि दही, कारण बाकी सगळं बंद केलं होतं. वजन उतरवणं हा औषधाइतकाच मोठा भाग होता. लॅब्रॅडोरच्या बाबतीत हे नुसतं लाडाचं प्रकरण नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळपास पाव भाग लॅब्रॅडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकात एक तुकडा गहाळ असतो, आणि त्यामुळे त्यांना सतत भूक लागते. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की असे कुत्रे विश्रांतीत ऊर्जाही कमी जाळतात. बुंदीची तशी तपासणी आम्ही केलेली नाही, पण ती ताटाकडे बघते तेव्हा ते हावरटपण नसून खरी भूक असू शकते हे कळल्यावर मी तिला ‘अधाशी’ म्हणणं सोडून दिलं. भूक खरी असली तरी ती भागवता येणार नव्हती. म्हणजे धावायचं नाही आणि पोटभर खायचंही नाही. जगातल्या तिच्या दोन्ही आनंदांना आम्हीच नाही म्हणत होतो. चपातीचा शेवटचा तुकडा तिला देण्याची आईची अनेक वर्षांची सवय होती. आईने ती तोडली आणि काही दिवस स्वतःही जेवणानंतर टेबलापाशी रेंगाळणं सोडून दिलं, बुंदीचे डोळे बघवत नाहीत म्हणून.

नदीपात्राकडून ढोल-ताशांचा सराव ऐकू यायला लागला तेव्हा बुंदी वीस-पंचवीस मिनिटं चालत होती. आवाजाने ती दचकून उठायची, म्हणून संध्याकाळी तिच्या खोलीपाशी रेडिओ लावून ठेवायचो आणि कुणीतरी शेजारी बसायचं. गणपतीत घरी पाहुणे आले. प्रत्येकाला दारातच सांगितलं की तिला हाक मारू नका, आधी खाली बसा, मग ती येईल. मुलं शहाणी निघाली, मोठ्यांना दोनदा सांगावं लागलं. उकडीचे मोदक झाले आणि त्या वासाने बुंदी प्लायच्या फटीत नाक घालून बसली. तिला काकडी मिळाली.

विसर्जनानंतर एक्स-रे झाला. ऑपरेशननंतर आठ ते दहा आठवड्यांनी तो काढतात. डॉक्टरांनी दोन फिल्म शेजारी लावल्या. आधीच्या फिल्ममध्ये नडगीच्या वरच्या भागातून जाणारी एक काळी, कमानदार रेघ स्पष्ट होती. नव्या फिल्ममध्ये तिथे राखाडी धूसरपणा होता आणि काही ठिकाणी रेघ शोधावी लागत होती. प्लेट जागेवर, सगळे स्क्रू जागेवर. डॉक्टरांनी मांडीचा घेर टेपने मोजला. चांगल्या पायापेक्षा तो अजून बारीकच होता. ‘हाड झालंय. आता स्नायू. त्याला याच्याहून जास्त वेळ लागेल,’ ते म्हणाले. मग उठबशा सुरू झाल्या. सरळ, दोन्ही पाय नीट पोटाखाली घेऊन बसायचं आणि उठायचं. सौम्य चढावर संथ चालायचं. उभं असताना पुढचा एक पाय माझ्या हातात धरायचा, म्हणजे मागच्या पायांवर वजन जातं. आईने स्वतःचे जुने व्यायाम पुन्हा सुरू केले ते याच दिवसांत. ती खुर्चीवरून उठायची, बुंदी मॅटवरून उठायची.

दुसऱ्या पायाची काळजी आता कायमची आहे. ज्या कुत्र्यांचं एका पायाचं लिगामेंट जातं त्यांच्यापैकी खूप जणांचं, काही पाहण्यांमध्ये निम्म्याच्या आसपास, पुढे दुसऱ्याही पायाचं जातं. कारण झीज दोन्हीकडे असते. हे ऐकल्यावर मी काही रात्री नीट झोपलो नाही. मग एवढं ठरवलं की जे हातात आहे ते करत राहायचं. दर आठवड्याला वजन. फरशीवरची मॅटची वाट कायम. गाडीत चढायला फळी. सोफ्यावर उडी बंद, जन्मभर. टेकडीवर जातो, पण पट्टा लावून, आणि खार दिसली की मी आधी थांबतो.

मोकळं सोडण्याची परवानगी डॉक्टरांनी नंतर दिली, मोजक्या वेळेसाठी, सपाट मैदानावर. मी पट्टा सोडला तेव्हा ती धावली नाही. दहा पावलं गेली आणि वळून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी ‘जा’ म्हटलं. तरी थांबली. मीच धावायला सुरुवात केली तेव्हा ती माझ्यामागून आली, आणि मग पुढे गेली, चारही पाय आळीपाळीने जमिनीवर टाकत.

परवा समोरच्या इमारतीतल्या ताई भेटल्या. त्यांचा रॉटवायलर दोन आठवडे लंगडतोय, मोच आली असेल म्हणून मालिश चाललंय. आईने त्यांना पहिला प्रश्न विचारला, ‘बसतो कसा तो?’ त्यांनी बाजूला पाय टाकून बसण्याची नक्कल करून दाखवली. आईने तिथेच त्यांना मालिश थांबवायला सांगितलं आणि सर्जनचा नंबर दिला. काल त्याची तपासणी झाली, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. प्लायचे तुकडे आणि पोटाखालची ओढणी लेक आज नेऊन देणार आहे. मॅटिंग त्यांच्या हॉलला पुरणार नाही, अजून आणावं लागेल. बेलची तार सोडवायला रविवारी मी जातोय.